मातेच्या उराची ऊब

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील माता-बाल इस्पितळांत १९७८ सालीं उबेच्या पेट्या थोड्या आणि अपुऱ्या दिवसांचीं अर्भकें फार. एका पेटींत अनेक निजवावीं लागत व एकाचा रोग दुसऱ्यास जडे. डॉ. एद्गार रेय सानाब्रिया ह्यांनीं मग बाळ मातेच्या उघड्या उराशीं उभें बांधण्याची रीत घातली. कांगारूवरून तिला नांव पडलें. गरिबांची तडजोड म्हणून ती हिणविली गेली. आम्हांस तें पटत नाहीं. पेटीला ऊब असेल, दूध कोठून असणार? तरी अन्यत्र बाळ सांवरेपर्यंत माता बहुधा दाराबाहेरच राही. भारतासह पांच देशांतील प्रयोगांत तिची खाट बाळांच्या दालनांत आणिली. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: जन्मतांच उराशीं घेतलेल्यांपैकीं २८ दिवसांत शेकडा १२ दगावलीं, आधीं यंत्राच्या उबेंत ठेविलेल्यांपैकीं १५.७. हा भेद दिसतांच प्रयोग मुदतीपूर्वीं थांबविण्यांत आला.