ई-मेलचे ओझे आणि संगणकाची मेमरी #थ्रेड

१/ पंचवीस एमबीची फाइल आपण ई-मेलला सहज जोडतो. परंतु ज्या यंत्रांवर ई-मेल वाढला, त्यांतील पीडीपी-११ चे पत्ते १६ बिटांचे असत. प्रोग्रामला एका वेळी थेट हाताळता येणारी माहिती जास्तीत जास्त ६५,५३६ बाइट.

२/ १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम आरएफसी ८२१ मध्ये मांडले. पत्र ओळीओळीने पाठवायचे, एक ओळ १,००० अक्षरांच्या आत, आणि केवळ एक टिंब असलेली ओळ आली की पत्र संपले. (पत्रातीलच एखादी ओळ टिंबाने सुरू झाली तर? पाठवणाऱ्याने आणखी एक टिंब लावायचे, घेणाऱ्याने ते काढायचे.) म्हणजे पत्र कितीही लांब असो, सर्व्हरला हाती एकच ओळ धरणे पुरे. ती डिस्कवर लिहावी आणि पुढची घ्यावी.

३/ मार्च १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी स्वतः गात असलेल्या चौकडीचे छायाचित्र ई-मेलला जोडून पाठवले. ही माइम पद्धती त्यांनी नेड फ्रीड यांच्यासह रचली होती. तिच्यातील बेस६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ३० एमबीची फाइल ४० एमबीची होते.

४/ खरी मेख पुढे आहे. पत्र वाचणारा प्रोग्राम ४० एमबी मजकूर एकदम मेमरीत घेतो, शेजारीच ३० एमबीची उलगडलेली प्रत ठेवतो. अशी दहा पत्रे एकदम आली, की ७०० एमबी! मेमरी संपून प्रोग्राम कोसळला, तर एका जड पत्रापायी इतरांचीही पत्रे खोळंबतात.

५/ दोष बेस६४ चा मात्र नव्हे. त्यातील प्रत्येक चार अक्षरे स्वतंत्रपणे उलगडतात आणि ओळही ७६ अक्षरांचीच. रचनाकारांनी जुनी काटकसर जपली होती; मुबलक मेमरी लाभलेल्या प्रोग्रामरांनी ती सोडली, असे माझे मत.

६/ १९९३ मध्ये 'साइझ' ही सोय आली: पाठवणाऱ्याने आकार आधीच सांगावा, न पेलल्यास सर्व्हरने तेथेच नकार द्यावा. अर्थात तो आकडा पाठवणाऱ्याच्याच तोंडचा, म्हणून मोजणी सोडता येत नाही. १९९८ साली आलेला वीत्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स आजही पत्र तुकड्यातुकड्याने डिस्कवरील रांगेत लिहितो आणि मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटांची ठेवतो.