बर्फावरची जोडी

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. पण खेळाडूंच्या आयुष्यातही राजवटी येतात आणि जातात. ल्युडमिला बेलौसोवा आणि ओलेग प्रोटोपोपोव्ह या रशियन नवरा-बायकोची गोष्ट अशीच आहे. दोघे जोडीने फिगर स्केटिंग करत.

ओलेगचा जन्म १९३२ चा. लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. उपासमारीतून वाचलेला हा मुलगा. ल्युडमिलाने स्केटिंग सुरू केले ते सोळाव्या वर्षी. एस.एस.सी.च्या वयात बालवाडीत बसावे, तसेच हे! १९५४ मध्ये दोघे भेटले, १९५७ मध्ये लग्न झाले. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये ती नववी आली. पण नेट सोडला नाही. १९६४ मध्ये इन्सब्रुकला सुवर्णपदक मिळाले. फिगर स्केटिंगमधले सोव्हिएत संघाचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण. पुढे १९६५ ते १९६८ सलग चार जागतिक विजेतेपदे आणि १९६८ मध्ये ग्रेनोबलला पुन्हा सुवर्ण. तेव्हा तो पस्तिशीचा, ती बत्तिशीची.

या खेळात 'डेथ स्पायरल' नावाचा प्रकार असतो. पुरुष एका जागी पाय रोवून गिरकी घेतो आणि त्याचा हात धरून ती जवळजवळ आडवी होऊन त्याच्याभोवती फिरते. आपल्या एकहाती फुगडीची आठवण यावी असा. हात सुटला की संपले! पूर्वी याचा एकच प्रकार होता. या दोघांनी त्यात आणखी तीन आणले. नावे काय दिली? 'कॉस्मिक', 'लाइफ' आणि 'लव्ह', म्हणजे विश्व, जीवन आणि प्रेम. मृत्यूच्या नावाच्या खेळात जीवन आणि प्रेम आणणारी ही माणसे.

पण काळ बदलला. इरिना रोदनिना आणि अलेक्सी उलानोव्ह यांचा वेग आणि जोम परीक्षकांना भावू लागला. बीथोवेनच्या सुरांवर संथ तरंगणारी ही जोडी १९६९ मध्ये जागतिक स्पर्धेत तिसरी आली. १९७२ च्या ऑलिंपिक संघात तर तिला जागाच मिळाली नाही. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर असताना दोघांनी तिथेच आश्रय मागितला. मायदेशाने त्यांचे किताब काढून घेतले. ज्यांच्यासाठी राष्ट्रगीत वाजले, त्यांचे नाव घेणेही नकोसे झाले. रशियात पुन्हा पाऊल ठेवायला २००३ साल उजाडले. तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता!

मला खरे नवल वाटते ते पुढच्या आयुष्याचे. पदके नाहीत, संघ नाही, तरी दोघे आल्प्सच्या कुशीतल्या ग्रिंडेलवाल्डला राहून सराव करत राहिली. २०१५ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एका धर्मादाय कार्यक्रमात ती बर्फावर उतरली, तेव्हा तो त्र्याऐंशीचा आणि ती एकोणऐंशीची होती. २०१७ मध्ये ल्युडमिला गेली, २०२३ मध्ये ओलेग.

किताब देणारे ते परतही घेऊ शकतात. पण साठ वर्षे रोज घासून अंगात मुरवलेली विद्या कोण काढून घेणार? आमच्या वयाच्या मंडळींनी "आता काय राहिलंय?" असे म्हणण्याआधी या दोघांना एकदा आठवावे.

असो. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.