राजवाड्यांचे दप्तर

दिवाळीची झाडलोट निघाली की जुन्या घरांच्या माळ्यावरून मोडी कागदांचे रुमाल खाली येतात आणि त्यांतले पुष्कळसे न्हाणीघरातल्या बंबात जातात. आमच्या इतिहासाची किती साधने अशी अभ्यंगाच्या पाण्याखाली जळाली असतील, देव जाणे!

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हेच कागद मागत गावोगाव हिंडले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे खंड २२ झाले. १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळ्यांसह त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. स्वभाव मोठा करडा. त्या मंडळाशीही पुढे मतभेद झालेच. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले आणि दुसऱ्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभारले. ना राजधानी, ना विद्यापीठ. खानदेशातल्या एका गावाने ही जोखीम पत्करली, याचे मला खरोखर कौतुक वाटते.

परंतु कागद राखला म्हणजे तो बोलू लागला असे नव्हे. मोडीत आधी ओळ आखायची, मग बोरूने तिच्याखाली अक्षरे गुंफीत जायचे. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही. शाळांतून मोडी उठली आणि पणज्याचे पत्र पणतूला परके झाले. वर्गात मी फळ्यावर मोडी ओळ काढली की मुले विचारतात, “गुरुजी, ही कानडी का?” “आपलीच रे,” मी म्हणतो. मग एखादे पोर वही पुढे करून आपले नाव मोडीत काढून मागते.