कन्येचा दाता कोण?

मुलीच्या लग्नाला संमती कोणाची, हा प्रश्न धर्मशास्त्रात ‘कन्येचा दाता कोण’ अशा रूपात येतो. याज्ञवल्क्यस्मृतीने त्याचा क्रम लावून दिला आहे: आधी बाप, तो नसल्यास आजोबा, मग भाऊ, मग कुळातला कोणी आणि सर्वांत शेवटी आई. यांपैकी कोणीच नसेल, तरच मुलीने स्वतः वर निवडावा.

इंग्रजी अमदानीत कायदे आले, पण हा क्रम हलला नाही. १८७५च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरवले. लग्न, मेहर, घटस्फोट आणि दत्तक या बाबी मात्र त्यातून वगळल्या. सतरा वर्षांच्या मुलीने केलेला कर्जरोखा कोर्टात टिकत नसे, अकराव्या वर्षी लागलेले तिचे लग्न मात्र टिके. १८९०च्या पालकत्वाच्या कायद्याने तर विवाहित अल्पवयीन मुलीचा नवरा नालायक ठरत नाही तोवर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये, असे घातले. बापाचा अधिकार लग्नाबरोबर नवऱ्याकडे गेला, मुलीच्या हाती काही आले नाही.

मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यात ही स्थिती त्याआधीच उघडी पडली होती. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचू-शिकू लागल्या. १८८४मध्ये दादाजींनी बायकोने नांदायला यावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. असा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातला, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, आणि असहाय बालपणी लावलेल्या लग्नापोटी मोठ्या झालेल्या स्त्रीला बळेच पाठवणे रानटीपणाचे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर कैद भोगा, असा हुकूम दिला. कैद पत्करीन, पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. १८८८मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

या खटल्याने तापलेल्या वादात १८९०मध्ये कलकत्त्याच्या फुलमणी दासीच्या मृत्यूची भर पडली. जेमतेम दहा-अकरा वर्षांची ही मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याने केलेल्या संभोगातून झालेल्या जखमांनी मेली. मुलगी दहा वर्षांच्या वर असल्याने बलात्काराचे कलम त्याला लावता आले नाही. मार्च १८९१मध्ये संमतिवय दहावरून बारा झाले. पुण्यात टिळकांनी सरकारी हस्तक्षेप म्हणून विरोध केला, डॉ. भांडारकरांनी धर्मग्रंथांचेच आधार काढून पाठिंबा दिला. दोन्ही बाजू शास्त्रावर आणि सरकारच्या अधिकारावर भांडत राहिल्या. ज्या मुलींचा प्रश्न होता, त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही.

शारदा कायद्याने १९२९मध्ये लग्नाचे वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ केले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीचे वय १५ होते आणि अठराच्या आतल्या वधूसाठी पालकाची संमती लागे. संमती देणाऱ्यांच्या यादीत आई आता बापाच्या खालोखाल आली. १९७८मध्ये मुलीचे वय १८ झाले आणि ही यादीच कायद्यातून गेली.

आईला पालक म्हणून बाप हयात असताना उभे राहायला मात्र आणखी दोन दशके लागली. १९५६च्या कायद्यात नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असे शब्द होते. गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते, तेव्हा आईची सही चालेना, बापाची मागितली गेली. १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ लावला: बाप लक्ष घालत नसेल, दूर असेल वा असमर्थ असेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक ठरते.