दमाची कुळकथा

झुंजणाऱ्या गड्याच्या अंगात किती जोर उरला आहे हे खेळाच्या नियमात कसे बसवायचे, या प्रश्नाला हुतूतूने फार पूर्वी उत्तर दिले: एका श्वासाचा दम. चढाईला निघालेल्या गड्याने छाती भरून श्वास घ्यायचा, मध्यरेषा ओलांडण्याआधी तोंडाने घोष सुरू करायचा आणि तो न तोडता आपल्या अंगणात परत यायचे. मधे दम सुटला की गडी बाद.

हा खेळ कोकणात खोल रुजला. संगमेश्वर-देवरुख पट्ट्यात भातकापणी उरकली की खाचरातली धसकटे काढायची, ढेकळे फोडायची, पाणी मारून माती चोपायची, की पटांगण तयार. त्याशिवाय दुसरे साहित्य काहीच लागत नाही. पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनी हाच खेळ लालबाग-परळच्या चाळींपुढे मांडला. गावच्या वाड्या आणि गिरणगावच्या गल्ल्या या दोन्ही ठिकाणांनी पुढच्या कबड्डीला गडी पुरवले.

नियम मात्र मुलखागणिक वेगळे होते. बंगालात हा-डू-डू, तमिळनाडूत चेडुगुडू, महाराष्ट्रात हुतूतू. बाद झालेला गडी पुन्हा उठतो की नाही यावरून संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार पडले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये छापील नियमांवर स्पर्धा घेतली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला आणि ‘कबड्डी’ हे नाव देशभर पक्के झाले. गावच्या मातीतला हा खेळ आशियाभर नेण्यात संघटक शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा फार मोठा आहे. १९९० पासून तो आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. या साऱ्या घडामोडींत बाकीचे बरेच बदलले, तरी दमाचा नियम टिकला.

दम धरणे म्हणजे नुसता श्वास रोखणे नव्हे. घोष चालू असतो तोवर हवा बाहेरच जात असते, आत काहीच येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि श्वास घेण्याची अनावर ऊर्मी येते ती त्याच्यामुळे. त्यात पायांची धाव, प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातल्या निदानरेषेपर्यंत मुसंडी, हाताचा झपाटा. स्नायूंतला ऊर्जेचा तयार साठा अशा कमाल जोराला जेमतेम दहा सेकंद पुरतो. म्हणून जाणता चढाईपटू घोष खालच्या पट्टीत, अखंड आणि पंचाला जेमतेम ऐकू जाईल इतकाच ठेवतो. आवाज चढवला की हवा जास्त खर्च होते.

खरी कसोटी पकडीत लागते. घोटा धरला गेला, मागून कमरेला मिठी पडली, वर आणखी दोघे कोसळले, की बरगड्या दाबल्या जाऊन उरलीसुरली हवाही बाहेर फेकली जाते. तरीही घोष सुरू ठेवून बोटाचे टोक मध्यरेषेला लागले, तर धरणारे सगळे बाद. मध्यरेषेपर्यंतच्या अर्ध्या हाताच्या अंतरासाठी चाललेली झटापट हा कबड्डीतला सर्वांत उत्कट क्षण आहे. तो दमाच्या नियमातूनच जन्मला.

आता प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने पडद्यावर उलटे धावणारे हे आकडे घरोघर पोहोचवले. घोष नियमात उरला, पण चढाई किती लांबवायची हे आता मुख्यतः घड्याळ ठरवते. त्यामुळे निकाल सर्वांना दिसेल असा झाला, हे खरे. छातीच्या ताकदीचे मोल मात्र थोडे उतरले.

झुंजणाऱ्याच्या अंगात उरलेला जोर नियमात कसा बसवायचा, हाच प्रश्न मिश्र मार्शल आर्ट्सच्या व्हिडिओ गेम्सपुढेही आला. कबड्डीशी त्यांचे नाते नाही, पण उत्तर त्याच वळणाचे निघाले. ‘ईए स्पोर्ट्स यूएफसी’च्या गेममध्ये लढवय्याचा दम दोन थरांत मोजला जातो. वरचा थर प्रत्येक ठोशाला, लाथेला, खाली पाडण्याच्या प्रयत्नाला घटतो आणि काही क्षण शांत राहिले की भरून येतो. खालचा थर म्हणजे त्याची कमाल मर्यादा. ती लढत जसजशी लांबते तसतशी उतरत जाते आणि दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत थोडीच परत मिळते. हुकलेला ठोसा लागलेल्यापेक्षा महाग पडतो. पोटात-बरगड्यांत बसलेले फटके दम खातात. दम संपत आला की ठोसे मंद आणि हलके होतात.

खऱ्या लढतीत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, अजिंक्यपदासाठी पाच, आणि मधे एक मिनिट विश्रांती. कबड्डीतल्या चढाईपटूला असे राखीव मिनिट नसते. तो परत आला की लगेच प्रतिस्पर्ध्याची चढाई सुरू होते आणि तो स्वतः बचावात उभा असतो. फार तर ३० सेकंदांत श्वास जुळवून त्याला पुन्हा मध्यरेषेकडे निघावे लागू शकते. म्हणून संघ एकाच गड्यावर विसंबत नाहीत. दोघे-तिघे आळीपाळीने चढाईला पाठवतात.