वादी-संवादी : एका संज्ञाद्वयाचे अर्थांतर

रागविचारात ‘वादी’ आणि ‘संवादी’ या संज्ञा इतक्या निःशंकपणे वापरल्या जातात, की त्या भरतापासून एकाच अर्थाने चालत आल्या असाव्यात असा समज होतो. वस्तुतः शब्द टिकला, अर्थ सरकला.

नाट्यशास्त्राच्या 28व्या अध्यायात वादी, संवादी, अनुवादी व विवादी या संज्ञा स्वरास्वरांतील संबंध सांगतात. ज्या दोन स्वरांत 9 किंवा 13 श्रुतींचे अंतर, ते परस्परांचे संवादी. जातीतील प्रधान स्वर म्हणजे अंश. जो अंश तोच त्या वेळी वादी. परंतु एका जातीला अनेक अंश असू शकत (18 जातींचे मिळून 63), आणि ग्रह, न्यास, अपन्यास, अल्पत्व, बहुत्व इत्यादी लक्षणांशिवाय एकट्या अंशाने जातीचे रूप उभे राहत नसे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात वादी हा राजा, संवादी अमात्य, अनुवादी भृत्य आणि विवादी शत्रू होतो. श्रुत्यंतराची व्याख्या शार्ङ्गदेव सोडत नाही. पण रूपक नुसते सजावटीला येत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. अंतर हा संबंध आहे, अमात्यपद ही नेमणूक आहे. शिवाय राज्याला राजा एकच असतो.

ही नेमणूक पक्की झाली ती विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांच्या हातून. 1910पासून निघालेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’च्या चार मराठी भागांत (हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपात आहे, ही गंमत ध्यानात घेण्याजोगी) प्रत्येक रागाला एक वादी व एक संवादी दिला गेला. वादी पूर्वांगात की उत्तरांगात, यावर रागाची वेळही बांधली गेली. घराण्याघराण्यांत विखुरलेली विद्या शाळेत शिकवायची, तर असे सुटसुटीत कोष्टक हवेच होते. भूप व देशकार यांचे स्वर तेच. भूपात गांधार वादी व धैवत संवादी, देशकारात उलट. एक सायंकाळनंतरचा, दुसरा सकाळचा. येथे कोष्टक चोख चालते.

मारव्यात मात्र ते अडते. वादी कोमल ऋषभ, संवादी शुद्ध धैवत. कोमल ऋषभापासून पंचमभावाने मिळतो कोमल धैवत, जो मारव्यात नाही. मध्यमभावाने मिळतो तीव्र मध्यम, जो आहे, पण त्याला संवादीपद दिलेले नाही. शुद्ध धैवताचा खरा संवाद गांधाराशी. म्हणजे भरताच्या मापाने ही जोडी संवादी नव्हेच. एक स्वर पूर्वांगात, दुसरा उत्तरांगात, ही व्यवस्था जपली गेली आणि ज्या अंतरामुळे संवादीला ते नाव मिळाले ते अंतर सुटले. याच स्वरांच्या पूरियात गांधार-निषाद ही जोडी दोन्ही अटी पुऱ्या करते, म्हणून तेथे प्रश्न उठत नाही.

भातखंड्यांना हे कळले नसेल असे मानणे हास्यास्पद आहे. त्यांनी गवयांच्या प्रत्यक्ष गाण्याला प्रमाण मानले, आणि मारवा गाताना ऋषभ-धैवतच बलवान असतात. मला आक्षेपार्ह वाटते ते वेगळेच. मारव्याची बेचैनी जितकी त्या दोन स्वरांमुळे, तितकीच षड्ज टाळत राहिल्यामुळे. मुक्काम लांबवण्याची ही स्वरभूमिका वादी-संवादीच्या चौकटीत कोठेच नोंदता येत नाही. जुन्या लक्षणांत तिच्याजवळ जाणारा शब्द होता : अल्पत्व, आणि त्यातही लंघनाने येणारे.