आजीव सभासदत्वाचा नियम आणि शिक्षकाची निष्ठा

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले आणि पुढील वर्षी गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले, तेव्हा सरकारी नोकरीची वाट सोडून अल्प वेतनावर शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा निर्धार हाच या मंडळींना बांधून ठेवणारा धागा होता. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाल्यावर या निर्धाराला नियमाचे रूप आले. किमान २० वर्षे सेवेचे वचन देणारा आणि संस्थेच्या कारभारात मताचा हक्क असणारा शिक्षक तो ‘आजीव सभासद’. त्याचे वेतन दरमहा ७५ रुपये असे.

सामाजिक सुधारणेवरून टिळक व आगरकर यांचे बिनसले होते आणि १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपदही सोडले, तथापि संस्थेतील वाद पेटला तो शिक्षकाचा वेळ आणि त्याची मिळकत या रोजच्या बाबींवर. जेझुइट धर्मगुरू आपल्या संघाला सर्वस्व वाहतात, त्याप्रमाणे सभासदाने सारी शक्ती संस्थेलाच द्यावी आणि बाहेर कमाई करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. उलट, आगरकर व त्यांच्या बाजूच्या सभासदांना संसाराची ओढाताण पाहता वेतनवाढ आणि फावल्या वेळेची मोकळीक हवी होती. १८९० साली संस्थेचेच सभासद गोपाळ कृष्ण गोखले यांनी संस्थेबाहेरील सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा मूळ तत्त्वच सुटत चालल्याची टिळकांची खात्री पटली आणि त्यांनी राजीनामा देऊन मतभेदांची कारणे सविस्तर निवेदनात मांडली.

त्यांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर १८९१ साली धोंडो केशव कर्वे संस्थेच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यामुळे मूळ गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, पण त्यांची प्राध्यापकी अबाधित राहिली. पुढे हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभा राहिल्यावर ते महाविद्यालयातील अध्यापन आटोपून चिखलाची वाट तुडवीत तेथील झोपडीत शिकवण्यास जात.

टिळकांना जी मोकळीक ध्येयच्युती वाटली, तिच्याच आश्रयाने कर्व्यांचे जीवनकार्य वाढले. दोघांची निष्ठा सारखीच प्रखर होती. म्हणून संस्था आपल्या मूल्यांशी जुळते की नाही, हे शिक्षकाने तिच्या ध्येयवाक्यांवरून न ठरवता, ती त्याच्या वेळेवर कोणता हक्क सांगते आणि कोणता सोडते, यावरून ठरवणे अधिक योग्य होय.